चौऱ्याण्णव टक्के पेन्सिल सेल

जगात एकदम मरणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. बहुतेक गोष्टी आधी मंद होतात, मग अडखळतात, आणि मग घरातलं कोणीतरी घाई करून त्या मेल्याचं जाहीर करतं. माणसाच्या बाबतीत ही घोषणा करायला निदान डॉक्टर लागतो. पेन्सिल सेलच्या बाबतीत कोणीही उठतो, टॉर्च दोनदा तळहातावर आपटतो आणि थेट कचऱ्याच्या डब्याकडे चालू लागतो. ना तपासणी, ना दुसऱ्याचं मत.

हा अन्याय दूर करण्यासाठी गुरुनाथराव पाटणकरांनी आयुष्याची उत्तम वर्षं खर्च केली.

गुरुनाथराव पुण्यात वीज खात्यात होते. वीज कमी असताना ती सर्वांना सारखीच कमी कशी मिळेल, हे पाहण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर, २००१ साली, ते आणि मीनाक्षीबाई शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये मुलाकडे, केदारकडे, राहायला आले. येताना त्यांनी दोन पेन्सिल सेलांची एक टॉर्च आणली. नेपरव्हिलमध्ये दिवे जात नाहीत. त्यामुळे टॉर्च चालू आहे की नाही हे बघायला घरातले दिवे मुद्दाम घालवावे लागत. पण ज्या दिवशी जातील त्या दिवशी काय, हा गुरुनाथरावांचा प्रश्न होता.

गुरुनाथरावांच्या पद्धतीचे दोन भाग होते. पहिला, सेवा. सेलची पहिली नेमणूक टॉर्चमध्ये होई. टॉर्च म्हणजे मेहनतीचं खातं. तिथे उजेड पिवळा पडला की सेलची बदली ट्रान्झिस्टरमध्ये. तिथे निवेदिका कफ झाल्यासारखी बोलू लागली की टीव्हीच्या रिमोटमध्ये. हे बैठं काम. शेवटी भिंतीवरचं घड्याळ. तिथे सेकंदाला एकदा काटा ढकलण्यापलीकडे काही करावं लागत नाही (आमच्या ओळखीचे कित्येक जण नोकरीला सुरुवातच तिथून करतात). घड्याळातही सेल थकला, म्हणजे सेकंदकाटा नऊच्या अलीकडे येऊन जागच्या जागी थरथरू लागला, की घड्याळ भिंतीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवायचं. उभ्या घड्याळात सहाच्या पुढे चढ लागतो. आडव्यात चढच नाही. पाहुणे ताटावर वाकून किती वाजले ते बघत, आणि बहुतेक वेळा उठायलाच लागत. हा फायदा गुरुनाथरावांनी गृहीत धरलेला नव्हता.

दुसरा भाग, पुनरुज्जीवन. सेवेच्या कोणत्याही टप्प्यावर सेलने अगदीच मान टाकली, तर त्याला एक रात्र विश्रांती द्यायची. सकाळी दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसायची. मग दोन्ही सेल तळहातात चोळून एकमेकांच्या जागी घालायचे. शेजारी बदलला की माणूसही थोडे दिवस बरा वागतो. तरीही उजेड पडला नाही, तर त्यांना ऊन द्यायचं. ऊन द्यायचं काम मीनाक्षीबाईंकडे होतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत त्या सेल ठेवत आणि दुपारी परत आणून देत. तेवढ्या वेळात गुरुनाथराव पेपर वाचत. सेल लागला की गुरुनाथराव नेलकटरच्या कानशीने त्याच्या अंगावर एक खाच पाडत. एक खाच म्हणजे एक पुनर्जन्म. सात खाचा असलेला एक सेल घरात होता. त्याला गुरुनाथराव ‘साहेब’ म्हणत आणि शक्यतो जड काम देत नसत.

यशाचं प्रमाण शेकडा चौऱ्याण्णव होतं. हा आकडा थंडीतलाही आहे. नेपरव्हिलच्या जानेवारीत सूर्य असतो, पण बँकेच्या मॅनेजरसारखा असतो. काचेपलीकडे दिसतो, उपयोग होत नाही. तरी चौऱ्याण्णव. यावरून गुरुनाथरावांनी असा निष्कर्ष काढला की सेलला प्रत्यक्ष ऊन लागत नाही, उन्हाची आशा पुरते.

“अहो, घ्या. लागले तुमचे सेल,” मीनाक्षीबाई ओल्या हातांनी जोड आणून देत.

“लागणारच. लोकांना धीर नसतो.”

“नसतो खरा,” मीनाक्षीबाई म्हणत, आणि कणीक मळायला परत जात.

२००५ च्या थंडीत मीनाक्षीबाई गेल्या. आजार छोटा होता, हॉस्पिटल मोठं होतं.

त्या महिन्यापासून यशाचं प्रमाण शून्य झालं. चौऱ्याण्णववरून थेट शून्य. मध्ये श्वास घ्यायलाही थांबलं नाही. रिमोट गेला, ट्रान्झिस्टर गेला, घड्याळ आडवं ठेवूनही थांबलं. सात खाचांचे साहेब एका मंगळवारी रजेवर गेले ते रुजू झालेच नाहीत. गुरुनाथरावांवर दोन संकटं एकदम आली होती. पहिल्याविषयी ते कोणाशी बोलत नसत. दुसऱ्याविषयी सगळ्यांशी बोलत.

या सगळ्यात एक जोड वेगळा होता. मीनाक्षीबाईंच्या पलंगाशेजारच्या टॉर्चमधला. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी तो उन्हाला लावून आणून दिला होता. प्रत्येकी चार खाचा. तिच्या हातचा शेवटचा जोड. तो आता पिवळा पडला होता, आणि मार्चमध्ये पिवळाही पडेनासा झाला. बाकीचे सेल गेले तर गेले. हा जोड लागला पाहिजे, आणि आपल्याच पद्धतीने लागला पाहिजे, एवढं गुरुनाथरावांनी ठरवलं.

“बाबा, येताना नवीन आणतो ना,” केदार म्हणाला.

“नवीन कोणीही आणेल.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

“हाच.”

नातीने, सियाने, टॉर्च हातात घेऊन बटण दाबलं आणि तपासून निकाल दिला, “आजोबा, इट्स डेड.” अमेरिकेत जन्मलेली मुलं स्पष्ट बोलतात. त्यांना कोणी धीर धरायला शिकवलेलं नसतं.

गुरुनाथरावांनी शास्त्रशुद्ध चौकशी सुरू केली. खिडकीला दुहेरी काच आहे, ऊन गाळलं जात असेल, म्हणून जोड गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. डॅशबोर्ड उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून केदारला गाडी उलटी लावायला सांगितली. शेजारच्या गोऱ्या बाईंनी सोसायटीला कळवलं की आठ नंबरच्या ड्राइव्ह-वेमध्ये एक गृहस्थ बंद गाडीपाशी खुर्ची टाकून बसलेले असतात. मग केदार ऑफिसच्या कामाला ॲरिझोनात, चँडलरला, निघाला. तिथे वर्षभर ऊन असतं. सबंध अमेरिका आपली थकलेली माणसं त्या भागात नेऊन ठेवते आणि ती तिथे वर्षानुवर्षं गोल्फ खेळतात, हे गुरुनाथरावांच्या कानावर होतं. त्यांनी जोड रुमालात गुंडाळून केदारच्या बॅगेत दिला. विमानतळावर केदारला बाजूला घेण्यात आलं. रुमालात काय आहे या प्रश्नाला “डेड बॅटरीज” आणि कशासाठी नेतोस या प्रश्नाला “फॉर सन” अशी खरी उत्तरं दिल्यामुळे त्याचं विमान चुकलं. केदार प्रामाणिक मुलगा आहे. त्याच्यात दुसरा दोष नाही.

चँडलरहून जोड परत आला. गरम झाला होता. जिवंत झाला नव्हता.

त्यानंतर गुरुनाथराव दोन दिवस पेपर न उघडता बसून राहिले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांची सून आसावरी खोलीत आली. आसावरीचं ऑफिस, सियाचे क्लास, घर, सगळं एकाच वेळी चालू असतं.

“बाबा, द्या तो जोड इकडे. मी लावते उन्हाला.”

“सगळं करून झालंय.”

“माझ्या हाताने नाही झालेलं.”

बाहेर ढग होते. आसावरी जोड घेऊन गेली, मग जरा दुकानात जाऊन आली, आणि दुपारी टॉर्च आणून दिली. गुरुनाथरावांनी बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. पांढरा, कडक, केदारच्या पदवीच्या फोटोची काच चमकवणारा.

गुरुनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग, पद्धतीप्रमाणे खाच पाडायला, त्यांनी टॉर्च उघडली.

आत गेलेले सेल काळे होते. बाहेर आलेले हिरवे होते.

खाचा नव्हत्या. आठही भरून आल्या होत्या. शिवाय अंगावर मुदत छापलेली होती, ती २०१३ ची.

इथे एखादा उथळ माणूस भलताच निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. गुरुनाथराव खात्यात राहिलेले होते. समोर आलेली वस्तुस्थिती तीन कलमांत मांडायची त्यांना सवय होती. एक, सेलचा रंग बदलला. दोन, जखमा भरल्या. तीन, आयुष्य वाढलं. ही तीनही लक्षणं झाडांमध्ये वसंत ऋतूत दिसतात, आणि एप्रिल चालू होता. पद्धत शून्यावर गेली नव्हती. पद्धत पुढे गेली होती. शिकलेल्या माणसाला एकदा हवं ते उत्तर मिळालं की तो पुराव्याला फार त्रास देत नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठ विभागाला व्याख्याते कमी पडत होतेच. पुढच्याच रविवारी दुपारी लायब्ररीच्या खालच्या खोलीत ‘मृतप्राय सेलांचे पुनरुज्जीवन: एक अनुभव’ हे व्याख्यान ठरलं. मंडळाच्या प्रथेप्रमाणे पुरुष पुढे बसले आणि बायका मागे, समोशांजवळ. गुरुनाथरावांनी पद्धत सांगितली, चौऱ्याण्णव सांगितलं, शून्यही सांगितलं. शून्य कधीपासून, हे सांगताना ते पाणी प्यायले. मग त्यांनी खोलीतले दिवे घालवायला लावले, टॉर्च लावून दाखवली, आणि दिवे परत लागल्यावर हिरवा जोड पहिल्या रांगेत फिरवायला दिला.

पहिल्या रांगेत किमान तीन पीएचडी होते.

अरुण देवधर ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका औषध कंपनीतून केमिस्ट म्हणून निवृत्त होऊन इकडे राहायला आले होते. त्यांनी जोड नाकाजवळ नेला. “हिरवं म्हणजे तांब्याचं ऑक्सिडेशन असू शकतं. देवळाच्या कळसावर येतं तसं.”

“पण काका, मुदत कशी वाढली?” नागपूरच्या श्रीरंगने विचारलं. तो तिशीतला, सॉफ्टवेअरवाला, वडिलांना सोडायला आला होता आणि समोशासाठी थांबला होता.

“मुदत म्हणजे कंपनीचा अंदाज असतो,” अरुणराव म्हणाले. “सेल कशाला मानेल? अहो, आमच्या घरी पण ट्रान्झिस्टरमध्ये एकच जोड चालतोय, केव्हापासून ते आठवतही नाही. चोळायचा आणि ठेवायचा. काही होत नाही.”

“मग पेटंट करून टाका ना, राजेहो!” श्रीरंग म्हणाला. “कोणीतरी आपल्या आधी करून टाकंल.”

पेटंटसाठी तीन जणांची समिती नेमावी असं ठरलं. मागे समोशांजवळ मात्र वेगळंच चाललं होतं. एक बाई समोसा तोंडात धरून चावायचं विसरल्या होत्या. दोघी एकमेकींकडे न बघायचा निकराने प्रयत्न करत होत्या. शेवटी अरुणरावांच्या पत्नी, वसुधाकाकू, बसल्या जागेवरून बोलल्या.

“गुरुनाथराव, एक विचारू? सेल खिडकीत ठेवायला कोण न्यायचं?”

“मीनाक्षी.”

“तुम्ही बरोबर जायचात?”

“मी कशाला? मी पेपर वाचायचो.”

“हं. आणि हा हिरवा कोणी नेला?”

“सूनबाईने.”

“दुकानात जाऊन आल्या का हो सूनबाई मध्ये?”

गुरुनाथरावांनी हातातली रिकामी टॉर्च टेबलावर ठेवली. वसुधाकाकूंनी पर्स उघडली, खोकल्याची गोळी काढली आणि कागद सोडवून तोंडात टाकली. वीज खात्यातल्या माणसाला फॉल्ट कुठे आहे ते उशिरा कळतं, पण कळलं की नेमकं कळतं. गुरुनाथरावांनी मागे पाहिलं. मागच्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“पण रंगाचं काय?” अरुणराव जोड उजेडाकडे धरून म्हणाले. “रंगाचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही मला.”

“घरी चला, देते,” वसुधाकाकू म्हणाल्या.

न्यायला आलेल्या आसावरीला दारातच वसुधाकाकूंनी सगळं सांगितलं होतं, आणि परतताना ती ड्राइव्ह करत होती. मागचं बघायच्या आरशात तिने दोनदा सासऱ्यांकडे पाहिलं.

“बाबा, आय ॲम सो सॉरी. काळे नव्हते दुकानात. मला वाटलं, तुम्ही नुसती टॉर्च लावून बघाल.”

“खाचा तरी पाडायच्यास.”

“कसल्या खाचा?”

गुरुनाथरावांनी हात हलवला. त्यांना आत्ता कुठे मीनाक्षीबाईंच्या कामाचा दर्जा कळत होता. तोच काळा रंग, तीच कंपनी, मोजून तितक्याच खाचा, आणि वरून थोडं घासून काढलेलं अंग. सात खाचांचे साहेब तर तिने सात वेळा बनवले असणार.

“तुला कोणी सांगितलं हे?”

“आईंनी. हॉस्पिटलमध्ये. म्हणाल्या, त्यांचे सेल बंद पडू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटतं. आणि मी... ऑफिस, घरातलं सगळं... बाबा, मी विसरलेच. तुम्ही पेपर वाचेनासे झालात तेव्हा आठवलं.”

सिग्नल लाल होता. गुरुनाथरावांनी जे विचारायचं होतं ते विचारलं.

“आणि तो जोड? तिचा. टाकलास?”

“नाही. आईंच्या बॅगेत ठेवलाय.”

“कुठली बॅग?”

बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे, पुण्याहून आणलेली तपकिरी बॅग होती. तिच्यात जुन्या साड्या आहेत असं घरात सर्वमान्य होतं. केदारने एकदा ती उचलायला जाऊन पाठ अवघडून घेतली होती, तेव्हाही जरीचं वजन असतं असंच ठरलं. गुरुनाथरावांनी कुलपं उघडली. बॅग काठोकाठ सेलांनी भरलेली होती. नेपरव्हिलला आल्यापासून मेलेला एकूण एक सेल. एक खाच, दोन खाचा, चार खाचा. वर एक जुना टॉवेल.

“टाकून का नाही दिले?” गुरुनाथराव म्हणाले.

“मी पण विचारलं होतं,” आसावरी म्हणाली. “आई म्हणाल्या, असेल जीव एखाद्यात. त्यांचं खरं असलं तर?”

म्हणजे मीनाक्षीबाईंचा पद्धतीवर विश्वास नव्हता, पण अविश्वासाचीही पुरती खात्री नव्हती. जगातले बहुतेक संसार एवढ्याच मजकुरावर टिकून आहेत.

गुरुनाथराव बेसमेंटच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सेल एकेक जोडी करून टॉर्चमध्ये घालून पाहिले. सगळे. काही फुटून पांढरे झाले होते, काही एकमेकांना चिकटले होते. एकही लागला नाही. इतकी वर्षं गृहीत धरलेलं यशाचं प्रमाण नेमकं किती होतं ते त्या दुपारी पहिल्यांदा मोजलं गेलं. शेवटी त्यांनी बाजूला ठेवलेला, सर्वात वरचा, मीनाक्षीबाईंच्या टॉर्चमधला चार खाचांचा जोड घेतला आणि बटण दाबलं.

उदबत्तीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसला.

“आसावरी, खाली ये. दिवा घालव आणि बघ.”

ती खाली आली, वाकली. “हो, थोडंसं काहीतरी...”

“थोडंसं नाही. दिसतंय.”

“दिसतंय, बाबा.”

चोळून न ठेवता, उन्हाला न लावता, निवांत पडू दिलं की थकलेला सेल किंचित सावरतो, हे रसायनशास्त्रही मान्य करतं. मीनाक्षीबाईंनी प्रत्येक वेळी आठवडाभर धीर धरला असता, तर गुरुनाथरावांची पद्धत दोन-तीन मिनिटांपुरती खरी ठरली असती. लोकांना धीर नसतो, हे ते सांगत आलेच होते. ठिपका विझेपर्यंत दोघं तिथेच होते. मग गुरुनाथरावांनी तो जोड टॉवेलवर ठेवला आणि बॅग लावून टाकली. कोणी ती टाकून द्यायचं नावही काढलं नाही.

मे महिन्यात ट्रान्झिस्टर घोगरा झाला. गुरुनाथरावांनी सेल काढले, एक रात्र विश्रांती दिली, टोकं पुसली, चोळले, जागा बदलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आसावरीच्या हातात दिले.

“उन्हाला लाव जरा. आणि हे बघ, एकावर तीन खाचा आहेत, एकावर दोन.”

“तीन आणि दोन. ओके, बाबा.”

मग ते पेपर घेऊन बसले, आणि खुर्ची वळवून स्वयंपाकघराकडे पाठ केली. दुपारी काळा जोड आला. खाचा बरोबर होत्या, जरा ताज्या होत्या, पण मुलगी नवी आहे, शिकेल. यशाचं प्रमाण हल्ली पुन्हा चौऱ्याण्णव टक्के आहे. उरलेले सहा टक्के आसावरी मुद्दाम राखते. सगळेच लागले तर संशय येईल, असं तिला गुरुनाथरावांनीच समजावून सांगितलं.

आता वाचक महाशय, तुमच्याविषयी. तुम्ही इथपर्यंत हसत आलात, कारण तुम्ही गुरुनाथराव नाही. तुमच्या घरी टूथपेस्टची नळी तुम्ही खालून पिळत आणता आणि ती संपली म्हणता म्हणता आणखी पंधरा दिवस पुरते, हे तुमचं कसब आहे. तुमचा आवडता शर्ट इतकी वर्षं वापरूनही त्याचं एक बटण कधी गेलेलं नाही, कारण तुम्ही वस्तू जपून वापरता. तुमच्या आईचं आणि तुमच्या बायकोचं पटतं, ते तुम्ही दोघींना योग्य वेळी समजावल्यामुळे. यातल्या कशाचीही चौकशी करू नये, अशी आमची सूचना आहे. फक्त आत्ता, हे मिटवून ठेवण्याआधी, जरा कान देऊन ऐका. आतल्या खोलीतून कोणाच्या वावरण्याचा आवाज येतो आहे का? येत असेल, तर तुमची पद्धत अगदी बरोबर आहे.